नाडीची वही

कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायानं ते माझ्या टेबलावर पालथं ठेवलं आणि लगेच निघून गेला, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. सुलटं केलं तर एक कोपरा फाडलेला. आमच्याकडं मयताचं कार्ड असंच पाठवतात, वाचणाऱ्याला मजकुराच्या आधी कळावं म्हणून. मजकूर दोन-तीन ओळींचाच होता. लिंबाजीमामा गेले, मंगळवारी पहाटे, झोपेतच. कळवायला उशीर झाला, राग नसावा. खाली त्यांच्या सुनेचं नाव. मी ते वाचलं आणि पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, हे कबूल करते. वाटलं, हे कार्ड मामांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी आधी कोपरा डकवायला खळ कालवायला घेतली असती. फाटका कोपरा त्यांना बघवत नसे.

त्यानंतर मी सातवीचा तास घेतला. परीक्षा जवळ आल्या होत्या. गेल्या दोन-तीन वर्षांत अशी कार्डं बरीच आली, आणि दर कार्डागणिक माणूस थोडं कमी रडतं असं दिसतंय... हे मला स्वतःला आवडत नाही, पण आहे खरं. आता पाच आठवडे झाले. त्यांच्या घरी जाऊन आले, मामींना भेटले, आणि तरी काहीतरी करायचं राहिलंय असं वाटत राहिलं, म्हणून हे लिहायला बसले.

लिंबाजीमामा माझे सख्खे मामा नव्हते. आईच्या माहेरच्या गावचे, आमच्याच समाजाचे, म्हणून मामा. कळंबला कचेरीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दीड खणाचं दुकान होतं. दुकानावर पाटी नव्हती. कोर्टाची, तहसिलीची, सोसायट्यांची रजिस्टरं त्यांच्याकडं बांधायला येत. तरुणपणी, निजामाच्या राज्यात, ते हैदराबादला एका जिल्दसाजाच्या हाताखाली शिकले होते. त्यामुळं शेवटपर्यंत ते बाइंडिंग म्हणाले नाहीत, जिल्द म्हणाले. बोटांची टोकं कायम निळसर असायची, कारण वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. आम्ही राहायचो येडशी-येरमाळा रस्त्याच्या आत असलेल्या गावात. वडील मी तिसरीत असताना गेले. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात आई मला घेऊन कळंबला जायची. दुसऱ्याची वापरून झालेली पुस्तकं पिशवीत असायची, पानं सुटलेली, कुणाचे पहिले धडेच्या धडे गेलेले. संध्याकाळी ती पुस्तकं नव्यासारखी होऊन हातात यायची. मामा प्रत्येक पुस्तक मधोमध उघडून जमिनीवर टाकायचे आणि हात काढून घ्यायचे. मग बघत बसायचे. पुस्तक आपोआप मिटायला लागलं की मान हलवायचे आणि परत शिवण उसवायला घ्यायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उस्ताद म्हणायचे, ज्याला धरून ठिवावं लागतंय त्ये पुस्तक न्हाय, कोंबडं हाय."

बहात्तरच्या दुष्काळात मी उस्मानाबादला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातच काय, आमच्या वस्तीतही तिथवर गेलेलं कुणी नव्हतं. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. मी सुट्टीला घरी आले तर तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडून सुटायला आलेलं, आणि ती मला कामावर मिळालेल्या सुकडीचा वाटा पुढं करून विचारतेय, कॉलेजात काय शिकवतात. त्या वर्षी जिल्ह्यातल्या एका सहकारी संघानं गावात बायकांसाठी लेस विणायचं केंद्र काढलं. शाळेच्या ओसरीत. गावातल्या आणि आमच्या वस्तीतल्या मिळून तीस बायका. आईचं नाव त्यात लागलं. खडी फोडून हात राकट झालेल्या बायका सुताला आकडीच्या सुईनं काय नाजूकपणा देणार, असं शिकवायला आलेल्या बाईंनाही वाटलं होतं. पण सहा आठवड्यांत साखळी, खांब, जाळी सगळं हातात बसलं. मग त्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या आणि परत आल्या नाहीत. मागं त्यांचा एक नमुन्याचा कागद राहिला, घड्यांवर फाटलेला.

त्याच वेळेला मोठं काम आलं होतं. पलंगपोस करायचे होते. हातभर लांबीरुंदीचे चौकोन प्रत्येकीनं विणायचे, मधे आठ पाकळ्यांचं फूल, आणि मग सगळे एकमेकांना जोडायचे. एकीचा चौकोन दोन बोटं मोठा झाला की शेजारचा ओढला जातो आणि अख्खा पलंगपोस चुरगाळल्यासारखा दिसतो. संघाचे साहेब दीड महिन्यानं बघायला येणार होते. चौकोन जुळले तर केंद्र चालू, नाही तर बंद. बंद म्हणजे आई परत खडीवर. आणि मी कॉलेज सोडून तिच्या शेजारी, हे आईनं सांगितलं नव्हतं पण मला दिसत होतं.

तीस जणींत वाचता येणारी एकही नव्हती. पण चौकटीच्या कागदावर काढलेला नमुना वाचायला अक्षर लागत नाही. काळं घर म्हणजे भरीव खांब, पांढरं घर म्हणजे रिकामी जाळी. मी तो फाटका कागद उस्मानाबादला नेला आणि आठवडाभर कॉलेजच्या वाचनालयात बसून पाच वह्या काढल्या. एकेका पानावर सहाच ओळी, मोठी घरं, शाईनं भरलेली. सहा जणींत एक वही, गल्लीनं वाटून, कारण शाळा भरली की ओसरी सोडावी लागायची आणि काम घरीच व्हायचं. माझ्या हातची ती पहिली पुस्तकं होती. ती घेऊन मी मामांकडं गेले.

त्यांनी पहिल्यांदा कचेरीच्या रजिस्टराला करतात तशी जिल्द केली. दोऱ्यानं शिवलेली, जाड पुठ्ठा, पाठीला कापड. देखणी होती. चार दिवसांनी वह्या चालेनात असा निरोप आला म्हणून ते स्वतः आमच्या गावाला आले आणि शाळेच्या ओसरीखालच्या पायरीवर बसून बायकांकडं बघत राहिले. नवीन शिवण ताठ असते. वही उघडली की मिटायची. एकीनं पानावर वाटी ठेवली होती, एकीनं पायाचा अंगठा. गोदाकाकूंनी, ह्या वरच्या आळीच्या, घरून वरवंटाच आणला होता आणि त्याखाली वहीची पाठ मोडून गेली होती. मामा माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "कारकुनाचा एक हात मोकळा असतोय, शांते. ह्येंचे दोन्ही गुतल्यात. म्या ध्यानातच घेतलं न्हाय."

चूक कबूल करायला त्यांना कधी वेळ लागला नाही. पुढची चूक मात्र माझी.

मामांनी दुसऱ्यांदा शिवणच काढून टाकली. पानं सुटी केली, प्रत्येक पान जाड कागदावर डकवलं, वर-खाली दोन पुठ्ठे. जे पान लागेल ते काढून पुढ्यात ठेवायचं, सुटं पान मिटायचा प्रश्नच नाही. गुंडाळायला त्यांनी गोणपाटाचे तुकडे काढले होते. मला ते बघवेना. दुकानात दप्तर बांधायचं लाल कापड होतं, कचेऱ्यांत जुनी कागदपत्रं बांधतात तसलं. मी हट्ट धरला. म्हटलं, मामा, चांगलं दिसू द्या की जरा. त्यांनी कापडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कात्री चालवली. पाचही वह्या लाल कापडात बांधून आम्ही बायकांच्या हाती दिल्या. गोदाकाकूंनी आपली वही कपाळाला लावून घेतली तेव्हा मला कोण आनंद झाला होता... मी अठरा वर्षांची होते.

पंधरा दिवसांनी रविवारी घरी आले. साहेब यायला आठ-नऊ दिवस राहिले होते. चौकोन मागून घेतले आणि ओसरीत पसरले. एक ह्या मापाचा, एक त्या मापाचा. कुणाच्या फुलाला सात पाकळ्या, कुणाच्या फुलाला पाकळीच नाही, नुसता गोळा. सगळ्याजणी मनानंच विणत होत्या. वही कुठंय विचारलं तर कुणी समोर बघेना. मग मी गोदाकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिले. वही आत देव्हाऱ्यात दिसत होती. लाल कापडात जशीच्या तशी, वर हळदकुंकू, वाळलेलं एक फूल.

"पोथी हाय बाई ती," काकू म्हणाल्या. "उघडायची तर अंघोळ कराय लागतीय. आन् अंघोळीला पाणी कुठंय?"

खरंच कुठं होतं. विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरत होतो आम्ही. त्यात अडचणीचे चार दिवस वेगळे, त्या दिवसांत तर त्या दिशेनं बघायचंसुद्धा नाही. पाचांपैकी चार वह्या अशा बसल्या होत्या. पाचवी आमच्या वस्तीतली. आमच्या घरातून देव जाऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती, म्हणून मी मोठ्या आशेनं आईला विचारलं. आई खाली मान घालून म्हणाली, "मला कळतंय गं. पर लाल कापडाला हातच जाईना. सवय हाय हाताची." तिनं ती फळीवर ठेवली होती, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी.

त्याच दिवशी मी पाचही वह्या पिशवीत भरून कळंबची गाडी पकडली. वाटेत ठरवून टाकलं होतं की मामा काय बोलतील आणि मी काय ऐकून घेईन. लाल कापड कुणी मागितलं होतं, एवढं एकच वाक्य पुरं होतं. मी सगळं सांगितलं. मामांनी एक वही हातात घेतली, कुंकवाच्या डागावर निळं बोट फिरवलं. त्यांना गोदाकाकूंच्या आळीत पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं, हे मला माहीत होतं. ते हसायला लागले.

"म्हंजी म्या बांधलेली वही देव्हाऱ्यात जाऊन बसली म्हण की." हसणं थांबलं. "मानाच्या जागी गेलेली वस्तू हाताला येत न्हाय, शांते. आता तिला खाली उतरवाय पायजे."

ते एक वाक्य त्यांनी म्हटलं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या सगळ्या वर्षांत कधीही नाही. मी मात्र दर भेटीत त्याची वाट बघत राहिले.

मग आम्ही दोघं बसून विचार करायला लागलो की घरात अशी कोणती वस्तू आहे जिला कशाचाच विटाळ नाही. मामांनी विषय अगदी कोर्टातल्यासारखा घेतला. केरसुणी? तिला तर लक्ष्मी म्हणतात, पाय लागला तर नमस्कार. सूप? बाळाला सुपात घालतात. जातं, पाटा, उखळ, सगळ्याला लग्नात हळद लागलेली. घोंगडं म्हटलं तर घोंगड्यावर घट बसतो. गोणपाटसुद्धा आता चालेना, एकदा पूजलेली वही गोणपाटात घातली तर बायका म्हणणार पोथीचे हाल केले. दुष्काळात माणसाला घोटभर पाणी मिळत नाही आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला सोवळं, असं काहीतरी मी चिडून बोलले. तेव्हा कौसामामी, मामांच्या बायको, आतून भाकरी थापता थापता म्हणाल्या, "परकराची नाडी घाला तिला. बघते कोण हळदकुंकू वाहतंय ती."

मामा लाजले. माझ्यासमोर बायकोनं परकराचं नाव काढलं म्हणून खरंच लाजले. मग उठले, पुठ्ठ्यांच्या आणि पानांच्या वरच्या कडेला दोन-दोन भोकं पाडली, मामींकडून नाडी मागून घेतली, ओवली आणि भिंतीवरच्या खिळ्याला वही टांगली. पान वर उलटलं तर ते मागं पडलं आणि तिथंच राहिलं. मिटायचा प्रश्न नाही, धरायचा प्रश्न नाही, विणणारीच्या डोळ्यांसमोर, दोन्ही हात मोकळे. ते दोन पावलं मागं सरकून बघत राहिले. पुस्तक जमिनीवर टाकून बघायची त्यांची सवय, ती त्या दिवशी भिंतीवर चढली.

वेष्टनाला त्यांनी एस.टी.च्या डेपोतल्या ओळखीच्या माणसाकडून फाटक्या सीटांचं हिरवं रेक्झिन आणलं. तेलाचा हात पुसता येतो, पाणी आत जात नाही. आणि मुख्य म्हणजे, मामांच्या शब्दांत, ज्याच्यावर सगळा तालुका बसून गेला त्याला कुणी नमस्कार करणार नाही. पानांच्या खालच्या कोपऱ्यांना, जिथं अंगठा लागतो, तिथं कापडाचे तिकोनी तुकडे डकवले. प्रत्येक वहीला पुठ्ठ्याची एक पट्टी दिली. विणून झालेली ओळ पट्टीनं झाकायची, म्हणजे स्वयंपाकाला उठून परत बसलं तरी ओळ चुकत नाही. मी दिवसभर शेजारी बसून भोकं पाडत होते आणि मनातून रडवेली झाले होते. माझं पहिलं पुस्तक, बसच्या सीटचं, परकराच्या नाडीचं. मामांनी ते ओळखलं असावं. कारण पाचव्या वहीच्या आतल्या बाजूला, जिथं कुणी बघणार नाही, तिथं त्यांनी त्या लाल कापडाची एक बारीक पट्टी लावून दिली आणि ती वही आईच्या वाट्याला ठेवली.

वस्तीत आणि गावात वह्या पोचल्या तेव्हा बायका इतक्या हसल्या की मला पळून जावंसं वाटलं. गोदाकाकू म्हणाल्या, "लिंबाजीनं आमच्या पोथीला परकर नेसवला की गं." पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या चुलीशेजारी खिळा ठोकलेला होता, वही लटकत होती आणि पिठाचं एक बोट पहिल्याच पानावर उमटलं होतं. अंघोळ कुणाचीच झालेली नव्हती.

साहेब आले त्या दिवशी सगळे चौकोन जुळले असं म्हणणार नाही. सहा-सात उसवावे लागले. पण बाकीचे जुळले, पलंगपोस ओसरीत सपाट पडला, आणि केंद्र राहिलं. आईचं नख पुन्हा आलं, थोडं वाकडं. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले. केंद्र पुढं सात-आठ वर्षं चाललं. मग संघातल्या लोकांचं आपसात बिनसलं, सूत वेळेवर येईना, शाळेला ओसरी लागायला लागली. कुणी बंद केलं असंही नाही, एक दिवस उघडलं नाही, एवढंच. त्याचं काही वाटून घ्यायचं त्राणही नव्हतं कुणात. मामांच्या दुकानाचंही तसंच झालं. छापील, तयार बांधलेली रजिस्टरं सोलापूरहून येऊ लागली. ती उघडली की मिटतात, असं ते कचेरीत सांगत फिरले. कुणी ऐकलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना शेवटचं भेटले. डोळे पुरते गेले होते. मी शाळेच्या वाचनालयातलं एक सुटलेलं पुस्तक नेलं होतं, नुसतं निमित्त म्हणून. त्यांनी ते चाचपडत शिवलं, टाके वाकडे आले. मग सवयीनं मधोमध उघडून जमिनीवर ठेवलं, हात काढून घेतला, आणि दिसत नसल्यामुळं मला विचारलं, "मिटलं का?"

पुस्तक हळूहळू मिटत होतं. मी पाऊल पुढं करून ते अंगठ्यानं दाबून धरलं आणि म्हटलं, न्हाय मामा, उघडंच हाय. ते समाधानानं मागं टेकले. हे कुणाला सांगितलं नव्हतं. लाल कापडाचं ते एक वाक्य त्यांनी जन्मभर गिळलं, मी एक गिळलं. फिट्टंफाट झाली असं मात्र वाटत नाही.

पाचव्या वहीचं सांगायचं राहिलं. ती आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. आई माझ्याकडंच असते. तिला आता फारसं दिसत नाही, पण दुपारी सुई घेऊन बसते आणि वहीकडं तोंड करून बसते. नाडी तिनं आजवर तीनदा बदलली. कार्ड मी घरी आणलं तेव्हा तिनं मला ते वाचून दाखवायला लावलं, आणि मग म्हणाली, फाडून टाक. कोपरा फाटलेलं कार्ड घरात ठेवत नाहीत, वाचून झालं की फाडायचं, हा नियम आहे. मी फाडायला घेतलं. फाडवलं नाही. कोपऱ्याला कागद डकवावा असंही मनात आलं, मग तेही केलं नाही. घरात कुठं ठेवावं... कपाटात आईची नवी लुगडी, फळीवर फोटो, पेटीत माझ्या पदव्या. कार्ड हातात धरून उभी राहिले.

मग खिळ्यावरची वही काढली, कार्डाला दोन भोकं पाडली, आणि शेवटच्या पानामागं ते नाडीत ओवून टाकलं. आई आवाजावरून समजली असावी. सुई थांबली.

"वहीत घातलंस व्हय," ती म्हणाली. "असू दे. तिला चालतंय."